दारावरचे नियम आणि आतलं वातावरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंढव्यातला आमचा नाइटक्लब नवा आहे, आणि नव्या जागेची पुणेकर आधी चौकशी करतात, मग येतात. फोनवर, मेसेजवर आणि प्रत्यक्ष रांगेत जे विचारलं जातं त्यातलं बहुतेक दाराबद्दलचं असतं: कोणाला आत घेता, कोणाला नाही, आणि का. त्याची उत्तरं इथे आहेत. दारावर उभी असणारी आमची माणसं याच उत्तरांना बांधलेली आहेत. तिथे कोणी वेगळं काही सांगितलं, तर मोबाइलवर हे पान उघडून दाखवा.

आत यायला वय किती लागतं?

२१ पूर्ण. पण तेवढ्यावर भागत नाही, म्हणून नीट सांगतो. महाराष्ट्रात वाइन आणि माइल्ड बिअर पिण्यासाठी किमान वय २१ आहे. व्हिस्की, रम, व्होडका, जिन आणि स्ट्राँग बिअरसाठी ते २५ आहे. शेजारच्या गोव्यात १८ व्या वर्षी चालतं, त्यामुळे सुट्टीत तिकडे जाऊन आलेल्या कॉलेजच्या मुलांना हे ऐकून धक्का बसतो. दारात वय तपासलं की मनगटाला पट्टा बांधतो. २१ ते २५ मधल्यांना हिरवा, २५ च्या पुढच्यांना केशरी. बारवर हात पुढे केल्याशिवाय ग्लास भरला जात नाही. केशरी पट्टेवाल्या मित्राने स्वतःच्या नावावर घेऊन हिरव्या पट्टेवाल्याला व्हिस्की दिली, तर दोघांचीही रात्र तिथेच संपते.

धाकटी बहीण १९ ची आहे, ती फक्त कोल्ड्रिंक घेईल. आमच्या जबाबदारीवर सोडाल का?

नाही. या एका बाबतीत आम्ही कोणाचंही ऐकत नाही, आणि कारण सगळ्या शहराला माहीत आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका अल्पवयीन मुलाने चालवलेल्या पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. दोघंही गेले. त्या मुलाला दारू दिल्याच्या आरोपावरून पबशी संबंधित लोकांना अटक झाली. त्यानंतर रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप, जामिनासाठी निबंध लिहिण्याची ती अट, कोर्टकचेरी, या सगळ्यावर या शहरात खूप बोललं गेलं. आम्हाला त्या घटनेची सुरुवात विसरता येत नाही. ती रात्र सुरू झाली होती आमच्यासारख्याच एका दारात, जिथे कोणीतरी वय विचारायला हवं होतं.

त्यामुळे 'नुसतं बसेल', 'आम्ही लक्ष ठेवू', 'पुढच्या महिन्यात २१ पूर्ण होतील' यातलं काहीही चालत नाही. वाढदिवस उद्या असेल, तर उद्या या.

कोणतं ओळखपत्र चालतं?

आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, यांपैकी कोणतंही एक. जन्मतारीख आणि फोटो दोन्ही हवेत. डिजिलॉकरमध्ये असेल तर ॲप आमच्यासमोर उघडून दाखवा. गॅलरीतला स्क्रीनशॉट चालत नाही, कारण त्यावरची तारीख कोणीही बदलू शकतं. कॉलेजचं ओळखपत्र चालत नाही. वयाने पन्नाशीचे दिसणाऱ्यांनाही विचारतो. अपवाद सुरू केले की रांगेतल्या प्रत्येकाशी अंदाजाने वागावं लागतं, आणि अंदाज चुकला की भोगावं दुसऱ्याच कोणाला लागतं.

दुसऱ्याचं ओळखपत्र स्वतःचं म्हणून दाखवणं हा गुन्हा आहे. तसं आढळलं तर त्या व्यक्तीला पुढेही प्रवेश मिळत नाही.

माझ्या आधारचा फोटो काढून ठेवता का?

नाही. बघतो आणि परत देतो. आधार दाखवायचंच असेल तर मास्क्ड आधार दाखवा. त्यात क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दिसतात आणि आमचं काम जन्मतारखेवर होतं. मोबाइल क्रमांकही सक्तीने मागत नाही. एखाद्या जागेने आत येण्यासाठी तुमच्या आधारची झेरॉक्स मागितली, तर कशासाठी आणि किती दिवस ठेवणार, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पिण्याचा परवाना खरंच लागतो का?

लागतो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, म्हणून तर आपल्याकडे बारच्या पाटीवर 'परमिट रूम' असं लिहिलेलं असतं. एका दिवसाचा परवाना ५ रुपयांना मिळतो आणि तो आमच्या काउंटरवरच होतो. वर्षाचा १०० रुपयांना आणि आजीवन परवाना १,००० रुपयांना मिळतो. नेहमी पिणाऱ्यांनी आजीवन परवाना काढून ठेवला तर कटकट कायमची मिटते.

कपड्यांचे काय नियम आहेत? चप्पल चालते का?

चालते. कोल्हापुरी चप्पल घालून या, कुर्ता घालून या, लग्नाच्या रिसेप्शनवरून नऊवारीत थेट आलात तरी स्वागत आहे. पुण्यात कित्येक जणांना पायात चप्पल आहे एवढ्यावरून रांगेतून परत पाठवलं गेलंय. आम्हाला ते पटत नाही. चपलेवरून माणसाच्या वागण्याचं काही कळत नाही, फक्त त्याने बुटांवर किती खर्च केला ते कळतं.

दोनच अटी आहेत. अनवाणी येऊ नका, कारण नाचायच्या फ्लोअरवर कधीकधी काच फुटते. आणि हेल्मेट, मोठी सॅक क्लोकरूममध्ये ठेवा, त्याचे पैसे नाहीत. नाचायचं असेल तर उंच टाचा टाळा, हा नियम नाही, सल्ला आहे.

आम्ही चार मित्र आहोत, बरोबर मुली नाहीत. स्टॅग एन्ट्री मिळेल का?

मिळेल, आणि तेवढ्याच पैशांत. हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, त्यामागे अनुभवही कडू असतो, म्हणून थोडं सविस्तर.

शहरातल्या पुष्कळ क्लबांत मुलांना 'कपल असेल तरच' असं सांगितलं जातं. मग रांगेतच अनोळखी मुलींना 'आमच्यासोबत आत चला ना' म्हणून विनवण्या सुरू होतात. पद्धत बाईच्या सुरक्षिततेसाठी म्हणून सुरू होते आणि पहिला त्रास तिलाच होतो, तोही दाराबाहेर. आत गेल्यावर त्या 'कपल'मधला मुलगा आपला नाही हे तिला माहीत असतं, पण क्लबच्या लेखी ती त्याच्या जबाबदारीवर असते. याला आम्ही सुरक्षितता म्हणत नाही.

म्हणून आमच्याकडे स्टॅग, कपल असे दर नाहीत. प्रत्येक माणूस स्वतःच्या नावावर आत येतो आणि स्वतःच्या वागण्याला जबाबदार असतो. एकच गोष्ट आम्ही करतो: सहापेक्षा मोठा ग्रुप असेल, मग तो मुलांचा असो, मुलींचा किंवा मिश्र, तर दारात दोन मिनिटं बोलतो. आधी कुठे प्यायलात का, कोणाला जास्त झाली आहे का, घरी कसे जाणार. दहा जण एकदम फ्लोअरवर उतरले की बाकीच्यांची जागा आक्रसते, हे नाचणाऱ्या कोणालाही माहीत आहे. त्यामुळे मोठ्या ग्रुपला थोडं थांबवून, तुकड्यातुकड्याने आत सोडतो.

मग मुलींना फुकट प्रवेश, लेडीज नाइट वगैरे?

नाही. मुलींना फुकट दारू देऊन बोलवायचं आणि मुलांकडून दुप्पट पैसे घ्यायचे, या हिशेबात मुली या पाहुण्या राहत नाहीत, जाहिरात होतात. आणि दुप्पट पैसे मोजून आलेल्या काही मुलांना वाटू लागतं की आपण कशाचे तरी पैसे भरले आहेत. आतली बरीच भांडणं तिथून सुरू होतात. सगळ्यांना एकच दर लावला तर हा प्रश्नच उरत नाही.

'प्रवेशाचा हक्क राखीव' अशी पाटी तुम्हीही लावली आहे का?

लावलेली नाही. ती पाटी लावली म्हणजे वाटेल त्याला वाटेल त्या कारणाने परत पाठवता येतं, असा समज आहे. राज्यघटनेच्या कलम १५ च्या दुसऱ्या खंडात स्पष्ट लिहिलंय की केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणत्याही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणं यांत प्रवेश नाकारता येणार नाही. नाइटक्लब हे करमणुकीचंच ठिकाण आहे. १९२९ मध्ये पर्वतीच्या देवळात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून ज्या शहरात सत्याग्रह करावा लागला, त्या शहरात दार चालवताना हे कलम आठवायलाच हवं.

ओळखपत्रावरचं आडनाव वाचून, बोलण्याची ढब ऐकून, रंगावरून, ईशान्येकडचा की आफ्रिकेतला यावरून आमचा माणूस कोणाला अडवणार नाही. ट्रान्सजेंडर व्यक्तींना सेवा आणि प्रवेश नाकारायला २०१९ च्या कायद्याने मनाई आहे. ओळखपत्रावरचं नाव किंवा फोटो आजच्या दिसण्याशी जुळत नसेल, तरी रांगेत सगळ्यांसमोर चौकशी होणार नाही. जन्मतारीख पाहिली की आमचं काम झालं.

मग अडवता तरी कोणाला?

आधीच जास्त प्यालेल्याला. रांगेत शिवीगाळ करणाऱ्याला, मुलींच्या मागे लागणाऱ्याला. पार्किंगवाल्याशी, पानटपरीवाल्याशी किंवा आमच्या पोराशी उद्धटपणे बोलणाऱ्यालाही. रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून हुज्जत घालत येणारा चालतो, त्याच्या अंगावर धावून जाणारा चालत नाही. आमची माणसं रांगेच्या टोकाला नव्हे, मध्यावर फिरत असतात, कारण दारापाशी पोचल्यावर प्रत्येक जण शहाण्यासारखा वागतो.

परत पाठवताना कारण एका वाक्यात सांगितलं जातं. 'आज नाही' एवढंच म्हणून कोणाला घालवत नाही. जास्त झाली म्हणून परत गेलेला माणूस पुढच्या शनिवारी आला तर त्याला मागचं काही ऐकवत नाही. कायमची बंदी फक्त तीन गोष्टींसाठी: खोटं ओळखपत्र, मारामारी आणि कोणाच्या अंगाला हात लावणं.

निर्णय पटला नाही तर दारावरच्या प्रमुखांना बोलवा असं सांगा. त्या दर रात्री हजर असतात आणि त्यांचा शब्द शेवटचा असतो. मालकांचा नाही.

ओळख काढली तर लवकर आत जाता येतं का?

नाही. 'अमुक दादांचा माणूस आहे', 'साहेबांना फोन लावून देऊ का', हे आम्ही रोज ऐकतो. फोन घेत नाही. ओळखीने आत आलेल्याला आत शिस्त लावता येत नाही. त्याने कोणाला धक्का दिला, तर त्याला बाहेर काढायच्या आधी बाउन्सरला विचार करावा लागतो, आणि तेवढ्या विचारात समोरच्याचं नुकसान होऊन जातं. आगाऊ नाव नोंदवलेल्यांची वेगळी रांग आहे. ती रात्री १०:३० पर्यंत चालते, मग दोन्ही रांगा एक होतात.

बाउन्सर अंगाला हात लावू शकतात का?

झडतीपुरता, तोही तुम्ही हो म्हटल्यावर. महिलांची झडती महिलाच घेतात, पडद्याआड. झडती नको असेल तर नाही म्हणा, पण मग आत सोडता येणार नाही. बाउन्सरकडे पोलिसांचे अधिकार नाहीत. तो मारू शकत नाही, डांबून ठेवू शकत नाही, मोबाइल काढून घेऊ शकत नाही. खासगी सुरक्षारक्षकांसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार एजन्सीला परवाना आणि रक्षकाला प्रशिक्षण लागतं. आमच्या प्रत्येक रक्षकाच्या छातीवर नाव मराठीत लिहिलेलं आहे, तक्रार करताना उपयोगी पडावं म्हणून.

एक विनंती मात्र आहे. हे दादा आणि ताई संध्याकाळी सातपासून पहाटेपर्यंत उभे असतात. त्यांना नावाने हाक मारा.

आत जागा दिसते, तरी बाहेर का थांबवता?

आतली माणसं मोजलेली असतात. दारातल्या ताईंच्या हातात मोजणीचं यंत्र असतं, एक बाहेर गेला की एक आत. परवान्यात जितकी क्षमता आहे त्याच्या बऱ्याच आधी आम्ही थांबतो, कारण कागदावरच्या क्षमतेइतकी माणसं आली तर नाचायला जागा राहत नाही.

त्याहून मोठं कारण आगीचं आहे. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री मुंबईत कमला मिल्समधल्या पबना आग लागली आणि १४ जणांचा जीव गेला. असल्या आगीत ज्वाळांपेक्षा धूर आधी मारतो, आणि गर्दीत माणूस ज्या दाराने आत आला त्याच दाराकडे धावतो. म्हणून आत शिरताना एकदा डावीकडे बघा. हिरव्या दिव्याची दोन दारं दिसतील, ती मागच्या मोकळ्या जागेत उघडतात आणि त्यांना कुलूप नसतं. वाढदिवसाला केक आणा, पण बाटलीवर लावायच्या फुलबाज्या आणि फवारे उडवणाऱ्या मेणबत्त्या दारातच ठेवाव्या लागतील. छताला कापडी सजावट आम्ही केलेली नाही, करणारही नाही.

आतलं वातावरण कसं असतं?

दोन भाग आहेत. आत शिरलं की आधी बसायची जागा लागते. तिथे आवाज इतकाच असतो की समोरच्याशी ओरडावं लागू नये. फ्लोअर त्याच्या पलीकडे, जाड दारामागे. तिथे अंधार आहे, एकच मंद लाल दिवा आहे, आणि स्पीकर नाचणाऱ्यांच्या दिशेने वळवलेले आहेत. कोपऱ्यांत टेबलं नाहीत. बाटली घेऊन फ्लोअरच्या मधोमध बसायचं 'व्हीआयपी' टेबलही नाही, त्यासाठी कितीही पैसे दिलेत तरी. फ्लोअरवर बसलेली माणसं नाचणाऱ्यांकडे बघत राहतात, आणि कोणी बघतंय हे कळलं की नवखा माणूस नाचत नाही. ज्याला नाचता येत नाही त्यालाही अंधारात मोकळं वाटावं, एवढ्यासाठी ही सगळी रचना आहे.

संगीत रात्रभर एका चालीने चढत जातं. सुरुवातीला संथ हाऊस, डिस्को, मग टेक्नोकडे. पुणं ऐकणाऱ्यांचं शहर आहे. सवाई गंधर्व महोत्सवात रात्र रात्र बसून विलंबितातून द्रुताकडे जाणारा राग ऐकलेल्या पिढ्या इथे आहेत, आणि २०१० मध्ये एनएच७ वीकेंडर या संगीत महोत्सवाची सुरुवातही इथेच झाली. त्यामुळे डीजेला तीन-चार तासांचा पूर्ण सेट देतो, अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे नाही. ११ च्या आधी आलात तर चढण पहिल्यापासून ऐकायला मिळते. आमच्या मते ११ च्या आधीचा तासच सगळ्यात चांगला असतो, आणि तेव्हा रांगही नसते.

मराठी गाणी लावता का? फर्माइश चालते का?

मराठी लागतं. महिन्यातल्या शेवटच्या गुरुवारी तर हलगी, संबळ आणि ढोलकीचे ठेके घेऊन काम करणारे डीजे असतात. संबळाचा ठेका मोठ्या स्पीकरवर ज्याने ऐकला नाही त्याने त्या रात्री जरूर यावं. इतर दिवशी डीजेकडे जाऊन फर्माइश करू नका. तो दोन गाणी पुढचं काहीतरी जुळवत असतो. मोबाइलवर गाणं टाइप करून त्याच्या नाकासमोर धरणं तर अजिबात नको.

आत फोटो, रील काढता येतात का?

बसायच्या जागेत काढा. फ्लोअरवर नाही. दारात फोनच्या कॅमेऱ्यावर छोटा स्टिकर लावतो. फोन वापरता येतो, घरचा कॉल घेता येतो, फक्त कॅमेरा झाकलेला राहतो.

पुण्यात कोण कोणाच्या ओळखीचं निघेल सांगता येत नाही. ऑफिसातली टीम लीड, सोसायटीतले काका, गावाकडचा चुलतभाऊ, कोणाच्या तरी रीलच्या मागच्या बाजूला तुम्ही नाचताना दिसलात की सोमवारी उत्तरं द्यावी लागतात. बहुतेक वेळा ती मुलींनाच द्यावी लागतात. आत येणाऱ्या मुलीने घरी काय सांगितलंय हा तिचा प्रश्न आहे, आणि तिच्या परवानगीशिवाय तिचं चित्रण बाहेर जाऊ न देणं ही आमची जबाबदारी आहे. स्टिकर काढून शूटिंग करताना सापडलात तर व्हिडिओ तुमच्या हाताने पुसायला सांगू आणि बाहेर सोडू.

मी एकटी येऊ शकते का? कोणी त्रास दिला तर काय करायचं?

जरूर या. एकट्या येणाऱ्या मुली आणि बायका इथे बऱ्याच आहेत. फ्लोअरवर पिवळ्या जाकिटातल्या दोन ताई कायम फिरत असतात, आणि महिलांच्या स्वच्छतागृहाबाहेर एक जण बसलेली असते. त्यांना फक्त एवढंच सांगा की अमुक माणूस नको आहे. काय झालं, किती वेळा झालं, तुम्ही त्याच्याशी आधी बोलत होतात का, हे विचारलं जाणार नाही. आधी त्या माणसाला बाजूला नेलं जातं, बाकीचं नंतर. संशयाचा फायदा आम्ही तक्रार करणारीला देतो. त्यात क्वचित एखाद्यावर अन्याय होईल, त्याची रात्र लवकर संपेल. तेवढी किंमत आम्हाला मान्य आहे.

लैंगिक छळ, पाठलाग, चोरून चित्रण हे भारतीय न्याय संहितेत गुन्हे आहेत. पोलिसांत जायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. जायचं असेल तर ११२ ला फोन आम्ही लावून देतो, सोबत ताई येते आणि त्या रात्रीचं सीसीटीव्ही चित्रण बाजूला काढून ठेवतो. 'कशाला प्रकरण वाढवता' असं आमच्यातलं कोणी म्हणालं, तर तो त्याचा इथला शेवटचा दिवस असेल.

ग्लास तुमच्या डोळ्यांसमोर भरला जातो, हवं असल्यास झाकण मिळतं. ग्लास टेबलावर सोडून नाचायला गेलात तर परत आल्यावर तो पिऊ नका, बारवर बदलून मागा, पैसे लागणार नाहीत.

मी पीत नाही. तरी आलं तर चालेल?

चालेल. कोकम सोडा, ताक, आल्याचं लिंबू सरबत, चहा सगळं मिळतं आणि ते दारूच्या भावात विकत नाही. पिण्याचं पाणी फुकट आहे, बारच्या दोन्ही टोकांना भांडी ठेवली आहेत, मागावं लागत नाही.

कव्हर चार्ज किती? सर्व्हिस चार्ज लावता का?

कव्हर, म्हणजे प्रवेशाचे पैसे, आठवड्याच्या दिवसाप्रमाणे बदलतो आणि त्या दिवशीची रक्कम दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते. ती पूर्ण रक्कम खाण्यापिण्यात वळती करता येते. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप येत नाही. तो सक्तीचा नाही हे २०२२ च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. टीप द्यायची असेल तर ज्याने सेवा दिली त्याच्या हातात द्या. बिलात मद्यावर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो. खाण्यावर जीएसटी असतो. म्हणून दोन्हींचे आकडे वेगळे दिसतात.

सिगारेट, हुक्का, व्हेप?

सिगारेटसाठी मागे बंदिस्त खोली आहे. महाराष्ट्रात हुक्का पार्लरवर २०१८ पासून बंदी आहे, ई-सिगारेटवर २०१९ पासून देशभर. दोन्ही मिळणार नाही आणि आणलेली चालणार नाहीत. अमली पदार्थांबाबत एकच गोष्ट: कोणाला काही होत असेल, घाम फुटला, छाती धडधडू लागली, तर घाबरून लपवू नका, ताईंना सांगा. आधी १०८ ची रुग्णवाहिका बोलावतो.

बंद किती वाजता होतं?

पुण्यात परमिट रूमना रात्री १:३० पर्यंतच परवानगी असते. शेवटची ऑर्डर १ वाजता घेतो, १:१५ ला आतले दिवे हळूहळू वाढवतो. १:३० ला आतली जागा रिकामी झालेली असते. नव्या वर्षाच्या रात्री सरकार वेगळा आदेश काढतं, तो आला की दारावर लावतो.

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, अनंत चतुर्दशी आणि मतदान संपेपर्यंतचे ४८ तास या काळात दारू मिळत नाही. जिल्हाधिकारी आणखी दिवस जाहीर करू शकतात. ड्राय डेला क्लब बंद ठेवत नाही. त्या रात्री फक्त संगीत, चहा आणि खाणं असतं, आणि प्रवेश निम्म्या दरात.

शेजारच्या सोसायट्यांना आवाजाचा त्रास होत नाही का?

होऊ नये म्हणून बांधकामातला मोठा खर्च भिंती आणि दारांवर केला आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मर्यादा ४५ डेसिबल आहे, व्यापारी भागात ५५. उघड्यावर स्पीकर त्या वेळेत चालत नाहीत, बंदिस्त जागेत चालतात, पण आवाज बाहेर जाता कामा नये. खरी अडचण बेसची असते. तीक्ष्ण आवाज भिंत अडवते, खालचे सूर मात्र जमिनीतून, खांबांतून जातात आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या पलंगाला जाणवतात. म्हणून सबवूफर, म्हणजे बेसचे मोठे स्पीकर, थेट फरशीवर नाहीत, रबरी थरांवर उचललेले आहेत. आणि म्हणूनच गच्चीवर जागा असूनही तिथे काही सुरू केलेलं नाही.

'गणपतीत रात्री १२ पर्यंत स्पीकर चालतात, मग तुम्हालाच का बंधन?' असं काही पाहुणे आमच्या बाजूने भांडतात. त्याच नियमांत राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, सण-उत्सवांसाठी, १० ते १२ अशी सूट देता येते. आम्ही आठवड्यातून पाच रात्री चालतो. आमची तुलना उत्सवाशी होऊ शकत नाही.

आसपासच्या सोसायट्यांच्या सचिवांकडे दारावरच्या प्रमुखांचा थेट नंबर आहे. त्रास झाला तर आधी आम्हाला फोन करा असं त्यांना सांगितलंय, आणि फोन आला की आवाज कमी होतो, कारण विचारलं जात नाही. पाहुण्यांना एवढंच सांगणं आहे की बाहेर पडल्यावर रस्त्यात घोळका करून गप्पा मारू नका, हॉर्न वाजवू नका. दीड वाजता मोकळ्या रस्त्यावर साधं बोलणंही लांबवर ऐकू जातं. गप्पा अजून संपल्या नसतील तर मागच्या अंगणात दोन वाजेपर्यंत चहा मिळतो, तिथे बसा.

घरी कसं जायचं? गाडी आणली तर?

त्या वेळी मेट्रो बंद असते आणि पीएमपीची रातराणी बस ठरावीक मार्गांवरच धावते, तेव्हा रिक्षा किंवा कॅब धरून चला. दारावरच्या ताई गाडीचा नंबर लिहून घेतात आणि मग बसवून देतात. एकटीने जाणाऱ्यांनी हे जरूर करावं.

प्यायलेल्याला गाडीची किल्ली परत मिळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंड हे कारण नाही. कारण वर १९ मेच्या उत्तरात आहे. गाडी आमच्या आवारात ठेवा, सकाळी ११ पर्यंत भाडं लागत नाही. भाड्याचा ड्रायव्हरही बोलावून देतो. किल्लीवरून दारात कितीही वाद झाला तरी ती मिळणार नाही, हे येतानाच लक्षात ठेवा.

व्हीलचेअरने येता येईल का?

हो. मुख्य दाराला उतार आहे, स्वच्छतागृह त्याच पातळीवर आहे, आणि फ्लोअरवर जायला पायरी नाही. सोबत येणाऱ्या मदतनिसाकडून कव्हर घेत नाही. कोणतं दार, कोणती रांग, हे आधी फोन करून विचारायची गरज नाही. सरळ दाराशी या.

काही वस्तू राहिली तर?

दुसऱ्या दिवशी दुपारी ४ नंतर फोन करा. फोन, पाकिटं आणि ओळखपत्रं महिनाभर ठेवतो, मग जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करतो. एकाच पायातली चप्पल घेऊन घरी गेलात, तर दुसरी क्लोकरूमच्या खालच्या कप्प्यात असेल.